यकृताचे रुग्ण आणि संशोधन: ग्रामीण विदर्भातल्या रुग्णालयात दोन्ही एकाच हाताने कसं करावं

‘जरा उसंत मिळाली की संशोधन सुरू करू’ म्हणणाऱ्या डॉक्टरचं संशोधन निवृत्तीपर्यंत सुरू होत नाही. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियाकडे लिव्हरचे रुग्ण बघणारा डॉक्टर बहुधा मेडिसिनचाच असतो. त्याच्याकडे तापाचे, सर्पदंशाचे, सिकलसेलचेही रुग्ण असतात आणि आठवड्यातून एक-दोन रात्री ड्युटी असते. उसंत मिळणार नाही, हे धरूनच आखणी करावी लागते. त्यातली मुख्य गोष्ट एकच: जो केसपेपर तुम्ही रोज लिहिताच, तोच इतका नेटका करा की त्यातून संशोधनाची माहिती आपोआप निघेल. वेगळा फॉर्म, वेगळी वही, वेगळा राउंड असं काही सुरू केलं की ते तिसऱ्या महिन्यात बंद पडतं.

आधी रजिस्टर मोजा, मग प्रश्न ठरवा

प्रश्न परिषदेत ऐकलेल्या भाषणातून उचलू नये. आपल्या वॉर्डाचं भरती रजिस्टर घ्या आणि मागचे तीन महिने हाताने मोजा: जलोदर किती, रक्ताची उलटी किती, कावीळ किती, उंदीर मारायचं औषध खाऊन आलेले किती, क्षयाच्या गोळ्यांनी लिव्हर बिघडलेले किती. एका दुपारचं काम आहे. या आकड्यांवरूनच कळतं की कोणता प्रश्न आपल्याला झेपेल.

उदाहरण घेऊ. प्रश्न असा: जलोदर घेऊन भरती होणाऱ्यांपैकी किती जणांच्या पोटातल्या पाण्यात आधीच संसर्ग असतो? अंदाज २० टक्के धरला आणि चूक इकडे-तिकडे ५ टक्क्यांपर्यंत चालेल असं ठरवलं, तर चार गुणिले २० गुणिले ८० भागिले ५ चा वर्ग, म्हणजे २५६ रुग्ण लागतात. वॉर्डात महिन्याला असे ९ रुग्ण येत असतील तर अडीच वर्षं गेली. चूक ७ टक्के मान्य केली तर १३१ पुरतात. दहा टक्के गळती धरून १४६ घ्या. साधारण सोळा महिन्यांत होतात. निवासी डॉक्टरच्या प्रबंधात एवढा काळ बसतो. हे गणित पीएसएम (रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) विभागातल्या सांख्यिकीच्या माणसासोबत सुरुवातीलाच करायचं. माहिती गोळा झाल्यावर त्यांच्याकडे गेलात, तर ते फार तर काय चुकलं तेवढं सांगू शकतील.

आपल्या भागातच सापडणारे प्रश्न निवडण्यात शहाणपण आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, आणि सिकलसेल असलेल्याचं लिव्हर हा विषय महानगरातल्या रुग्णालयाला हवा असून मिळत नाही. पिवळ्या फॉस्फरसची उंदीरमार पेस्ट, मोहाची दारू, पावसाळ्यातला स्क्रब टायफसचा ताप आणि त्यात वाढणारी लिव्हरची एन्झाइम्स हेही तसेच. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची औषधं मोफत आहेत. मग सीच्या किती रुग्णांनी बारा आठवडे पूर्ण केले आणि संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी तपासणीला किती आले, एवढा साधा प्रश्नही मोलाचा ठरतो. खेड्यात राहून केलेल्या कामाला कोणी विचारत नाही, हा समज गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने केव्हाच मोडला: घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचं त्यांचं काम १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं.

केसपेपरमध्ये काय बदलायचं

लिव्हरच्या रुग्णासाठी एका पानाचा छापील कागद करा, पाठपोट नको. त्यात जागा फक्त अशाच गोष्टींना, ज्या उपचारालाही लागतात: पोटातलं पाणी काढल्याची तारीख आणि वेळ, आधी कुठे कोणतं अँटिबायोटिक मिळालं, दारूचा शेवटचा घोट कधी, वजन, बिलिरुबिन, क्रिएटिनिन, सोडियम, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा), अल्ब्युमिन, भानावर आहे की नाही. साठ रकाने केलेत की अर्धे कोरे राहतात आणि निवासी डॉक्टर उरलेले रात्री दोनला अंदाजाने भरतात. वीस-बावीस रकाने पुरे.

कोऱ्या रकान्याला अर्थ नसतो, म्हणून तीन खुणा ठरवून घ्या: ‘केलं नाही’, ‘करता आलं नाही’, ‘माहीत नाही’. शिरेतून द्यायच्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं बघा. पोटातल्या पाण्यात संसर्ग सापडला की पहिल्या दिवशी किलोला दीड ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी किलोला एक ग्रॅम द्यायचं असतं. पन्नास किलोच्या माणसाला ७५ आणि ५० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या शंभर मिलीच्या (२० ग्रॅमच्या) जवळजवळ सात बाटल्या. औषधभांडारात दोनच असतील, तर ‘दिलं नाही’ एवढं लिहून भागत नाही. ‘गरज नव्हती’ आणि ‘बाटल्या नव्हत्या’ यांतला फरक पुढे निष्कर्षच पालटवू शकतो. शिवाय तोच कागद घेऊन तुम्ही अधीक्षकांकडे साठा मागायला जाऊ शकता.

सरकारी आरोग्य योजनेच्या दाव्यासाठी फाइल वॉर्डातून बाहेर जाते आणि कधी कधी आठवडाभर परत येत नाही. म्हणून हे पान रुग्णालयातून सुट्टी (डिस्चार्ज) द्यायच्या दिवशीच, रुग्ण अजून खाटेवर असताना, स्कॅन करून घ्यायचं.

जलोदराचं पाणी: जिथे उपचार आणि संशोधन एकाच सुईत येतात

पाणी भरती झाल्यापासून २४ तासांच्या आत आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी काढा. जागा सहसा डाव्या बाजूला, कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून दोन बोटं वर आणि दोन बोटं आत. आयएनआर वाढलेला आहे एवढ्यावरून थांबू नका. प्लाझ्मा देऊन तो ‘सुधारण्याची’ गरज सहसा नसते. दहा मिली पाणी तिथेच, खाटेजवळ, ब्लड कल्चरच्या बाटलीत घाला. साध्या नळीत पाठवलेल्या पाण्यातून जंतू त्या मानाने बरेच कमी वेळा उगवतात. पेशी मोजायला इडीटीएची (गोठू न देणारी) नळी. त्याच दिवशी रक्तातलं अल्ब्युमिन पाठवा, कारण रक्तातल्या अल्ब्युमिनमधून पाण्यातलं वजा केल्यावर उत्तर १.१ किंवा जास्त आलं तर कारण पोर्टल दाबाचं (लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतल्या वाढलेल्या दाबाचं), हे ठरवायला दोन्ही एकाच दिवसाची लागतात.

न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घनमिलिमीटरला २५० किंवा जास्त असले की संसर्ग धरून उपचार सुरू करायचे. कल्चरची वाट बघायची नाही. सुई लागून रक्त आलं असेल तर दर २५० लाल पेशींमागे एक न्यूट्रोफिल वजा करा.

आता इथे काय बिघडतं ते. रात्री साडेदहाला काढलेलं पाणी वॉर्डातले मामा लॅबच्या खिडकीत ठेवून येतात आणि ते सकाळी नऊला मोजलं जातं. तोवर न्यूट्रोफिल फुटून गेलेले असतात आणि रिपोर्ट ‘८० पेशी’ असा येतो. उपचार चुकतो आणि संशोधनही चुकतं, आणि दोन्हींत कुठेच चूक दिसत नाही! म्हणून पाणी काढल्याची वेळ आणि पेशी मोजल्याची वेळ, दोन्ही कागदावर हव्यात. चार तासांपेक्षा जास्त अंतर असलेले नमुने वेगळे काढता येतात. रात्रपाळीच्या तंत्रज्ञाशी आधीच बोलून ठेवा. संसर्ग नजरेतून निसटला तर रुग्ण आठवड्यात दगावू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

दुसरी अडचण वाटेवरची. ग्रामीण रुग्णालयातून पाठवताना चांगल्या हेतूने सेफ्ट्रियाक्सोनचं एक इंजेक्शन दिलेलं असतं. चिठ्ठीवर ते लिहिलेलं असेलच असं नाही. रुग्णाला ‘अँटिबायोटिक मिळालं का’ विचारून उपयोग नाही. ‘तिथं शिरेतून सुई देली का, कितीदा?’ असं विचारा, आणि त्या रुग्णालयाच्या सिस्टरला फोन करून खात्री करा. दोन मिनिटांचं काम आहे.

दारू किती, हे विचारणं

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. बंदीच्या गावातला माणूस सरकारी कागदावर ‘पितो’ असं लिहू देत नाही. ‘घेता का?’ ‘नाही जी, सोडली.’ ‘कधी?’ ‘झाले न पंधरा दिवस.’ हे पंधरा दिवस म्हणजे पंधरा ते दीडशे यांतलं काहीही असू शकतं.

अल्कोहोलिक हिपॅटायटिसचं (दारूमुळे लिव्हरला आलेल्या सुजेचं) निदान मात्र त्यावरच उभं असतं. पिणं थांबून ६० दिवसांपेक्षा कमी झालेले, कावीळ सुरू होऊन आठ आठवड्यांच्या आत, बिलिरुबिन ३ च्या वर, एएसटी ५० च्या वर पण एएसटी आणि एएलटी ही लिव्हरची दोन्ही एन्झाइम ४०० च्या आत, आणि एएसटी एएलटीच्या दीडपटीहून जास्त. साठ दिवस ठरवायला तारीख लागते, आणि तारीख सणाने सापडते. ‘पोळ्याला घेतली होती का? दसऱ्याला?’ असं विचारलं की हिशेब लागतो. त्या वर्षीचे पोळा, दसरा, दिवाळी, होळी आणि जवळच्या जत्रा यांचं कॅलेंडर टेबलाच्या काचेखाली ठेवा. प्रश्न पत्नी-मुलं बाहेर गेल्यावर विचारा, मग घरच्यांना वेगळं विचारा, आणि दोन्ही उत्तरं दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. एक खरं, एक खोटं असा निवाडा त्या दिवशी करू नका.

प्रमाणाचं असं की, ४२.८ टक्क्यांच्या विदेशी दारूच्या १८० मिलीच्या पव्व्यात सुमारे ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. देशीची निप ९० मिलीची का १८० ची, ते विचारून लेबलवरच्या टक्क्यांनी गणित करा. मोहाच्या दारूचे ग्रॅम काढू नका. पहिल्या धारेची आणि नंतरची यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तिथे पेल्याचं माप, दिवसाला किती पेले आणि किती वर्षं एवढंच लिहा. खोटी अचूकता संशोधनात सगळ्यात महाग पडते.

कावीळ झाली की बहुतेक जण आधी गावात औषध घेऊन येतात. ‘कावीळ उतरवायला कोणाकडे गेले होते?’ हे हसू न आणता विचारा. पुडी किंवा काढा घरी असेल तर आणायला सांगा, आणि तो कावीळ दिसण्याआधी सुरू झाला की नंतर, याची तारीख लिहा. औषधाने लिव्हर बिघडलं की बिघडल्यावर औषध घेतलं, हे ठरवायला दुसरा मार्ग नाही.

आकडे जे इथे फसवतात

फिब-४ हा फायब्रोसिसचा (लिव्हरमध्ये व्रण साठून ते किती घट्ट झालं याचा) अंदाज सांगणारा स्वस्तातला निर्देशांक. वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ. वय ५२, एएसटी ९६, एएलटी ४९, प्लेटलेट १.२ लाख असतील तर सूत्रात प्लेटलेट १२० घालायच्या: ४,९९२ भागिले ८४० म्हणजे ५.९४. कोणी १.२ घातलं तर ५९४ येतं. ते किमान लगेच डोळ्यांत भरतं. १,२०,००० घातलं तर ०.००५९ येतं आणि दोन दशांश स्थळं ठेवलेल्या तक्त्यात ते ०.०१ होऊन ‘लिव्हर छान’ या गटात निमूट बसतं. प्लेटलेटच्या रकान्यावर ‘हजारांत’ असं छापून टाका आणि १० पेक्षा कमी किंवा ९०० पेक्षा जास्त आकडा भरला की अडवणारा नियम लावा.

मग वय. ‘असन पन्नासेक’ या उत्तराने सगळे रुग्ण ४०, ५० आणि ६० चे होतात. आधार कार्ड बघावं, तर त्यावर बऱ्याच जणांचा जन्म १ जानेवारीचा. वय हे सूत्रात सरळ गुणलेलं असल्यामुळे पाच वर्षांच्या चुकीनेही १.३ च्या सीमारेषेवरचा रुग्ण इकडचा तिकडे जातो. वय कुठून घेतलं याची एक खूण ठेवा.

सिकलसेलच्या रुग्णात तर हे निर्देशांक जपूनच वापरावेत. रक्तपेशी फुटत असल्याने बिलिरुबिन आणि एएसटी लिव्हर ठीक असतानाही वाढलेलं असतं, आणि त्या बिलिरुबिनमुळे चाइल्ड-प्यू आणि मेल्ड या लिव्हरच्या आजाराची तीव्रता मोजणाऱ्या पद्धतींचा गुण फुगतो. उलट, प्लीहा आक्रसून गेलेली असली की प्लेटलेट जास्त राहतात आणि फिब-४ खाली खेचला जातो. बिलिरुबिनचे थेट आणि अप्रत्यक्ष भाग वेगळे लिहा, सिकलसेलचा गट वेगळा मांडा. नळीत रक्तपेशी फुटून सीरम लालसर झालेला नमुना कोणाचाही असो, त्याची एएसटी मोजूच नका. पुन्हा रक्त घ्या.

प्रोथ्रॉम्बिनच्या (रक्त गोठायच्या वेळेच्या) रिपोर्टवर कंट्रोल (निरोगी नमुन्याचा वेळ) नसेल तर अल्कोहोलिक हिपॅटायटिस किती गंभीर ते सांगणारा मॅड्री गुण काढता येत नाही: रुग्णाचा वेळ वजा कंट्रोल, गुणिले ४.६, अधिक बिलिरुबिन. रुग्ण २४ सेकंद, कंट्रोल १२, बिलिरुबिन ११ तर ६६.२, ३२ किंवा जास्त म्हणजे गंभीर. निळ्या नळीत रक्त खुणेपर्यंत भरलं नाही तर वेळ खोटाच लांबतो. स्टेरॉइड सुरू केलं असेल तर सातव्या दिवशीच्या बिलिरुबिनवर लिल गुण काढून ते चालू ठेवायचं की नाही हे ठरतं, आणि नेमका पाचव्या दिवशी रुग्ण सुट्टी मागतो. हे भरतीच्याच दिवशी घरच्यांना सांगून ठेवा.

समिती आणि संमती

पहिल्या रुग्णाचं नाव लिहिण्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी. जुने केसपेपर बघायचे असतील तरीही. संमती लागेल की सूट मिळेल, हे समिती ठरवते. डॉक्टरने मनाशी ठरवायचं नाही. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि २०१९ चे नवीन औषधं व क्लिनिकल चाचण्यांचे नियम हे दोन दस्तऐवज जवळ ठेवा. औषधाची तुलना असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयवर (क्लिनिकल चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी करा. ती मोफत आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून मागाहून केलेली नोंदणी तिथे घेतली जात नाही. प्रस्ताव परत येतो तो बहुतेक तीन कारणांनी: मराठी संमतीपत्र इंग्रजीवरून शब्दाला शब्द उतरवलेलं असतं, जादा तपासणीचे पैसे कोण देणार ते लिहिलेलं नसतं, किंवा रुग्णसंख्येचं गणित नसतं.

संमतीत खरी गोची वेगळी आहे. जो डॉक्टर जीव वाचवतो आहे, त्याला कोणी नाही म्हणत नाही. ‘तुमी म्हनान तसं, साहेब’ ही संमती नव्हे. उपचार करणाऱ्याने संमती घेऊ नये. समाजसेवा अधीक्षक किंवा दुसऱ्या युनिटचा प्रशिक्षित माणूस ती घेईल, राउंड संपल्यावर, बाकावर बसून. ‘नाही म्हटलं तरी औषध तेच मिळन’ हे वाक्य पहिलं, शेवटचं नाही. वाचता येत नसेल तर अंगठ्यासोबत नि:पक्ष साक्षीदार हवा, आणि तो युनिटचा माणूस नसावा. माडिया, गोंडी, कोलामी, कोरकू बोलणाऱ्यांसाठी दुभाषा आधीच शोधा. पेशंटचा दहा वर्षांचा नातू हा दुभाषा नव्हे.

लिव्हरमुळे भान हरपलेल्या रुग्णासाठी नातेवाइकाची संमती चालते, पण तो सावध झाल्यावर त्याला पुन्हा विचारायचं आणि तो नाही म्हणाला तर बाहेर काढायचं. लिव्हरमुळे आलेला सुप्त (वरवर न दिसणारा) भ्रम ओळखायला आकडे जोडण्याची चाचणी निरक्षर माणसाला लावू नका. साठ सेकंदांत जितकी जनावरं आठवतील तितकी सांगायला लावा. दहाच्या आत अडकला तर संशय घ्या. जनावरांची नावं गोंडीत सांगितली तरी मोजायची, म्हणजे मोजणाऱ्याला गोंडी यायला हवी.

नमुने, वीज आणि मे महिना

सीरम साठवायचं असेल तर रक्त अर्धा तास गोठू द्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि अर्ध्या-अर्ध्या मिलीच्या नळ्या करून उणे ८० अंशांवर ठेवा. एका नळीत दोन मिली ठेवलंत तर प्रत्येक वेळी सगळंच वितळतं. पेनाची शाई फ्रीझरमध्ये पुसते, गोठण सहन करणारं लेबल लावा. वीज गेली की जनरेटर कोण सुरू करतो आणि रविवारी कोण, याची नावं फ्रीझरवर चिकटवा. तापमान दिवसातून दोनदा लिहा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना नागपूरला नमुने न्यायचे तर पहाटेची वेळ धरा. अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून अर्ध्या तासात लॅबला देता येत नसेल, तर तो अभ्यासात घेऊच नका.

वेळ आणि माणसं

आठवड्यातली एक अर्धी दुपार ड्युटीच्या तक्त्यात लेखी घालून घ्या. तोंडी मिळालेली दुपार पहिल्याच रक्ताच्या उलटीत जाते. त्या दुपारी तातडीची एंडोस्कोपी कोण करेल ते नाव त्याच तक्त्यात असावं, आणि त्याच्या बदल्यात तुम्ही त्याची कोणती ड्युटी घेणार तेही. या दुपारी नवीन काही करायचं नाही, फक्त त्या आठवड्याची पानं तपासायची. आठवड्याला लिव्हरचे सगळे मिळून आठ नवे रुग्ण आणि पानाला सात मिनिटं, म्हणजे तासाभराचं काम. उरलेला वेळ लिहायला. लेखकांची नावं आणि क्रम पहिल्याच बैठकीत कागदावर ठरवा. विभागप्रमुखांचं नाव काम न करता घालायची पद्धत असेल, तर ती तेव्हाच बोलून घेणं सोपं असतं.

माणूस परत यावा म्हणून

९० दिवसांनी रुग्ण जिवंत आहे का, हे माहीत नसलेला अभ्यास कोणी छापत नाही. तीन नंबर घ्या: घरचा, शेजारच्या दुकानाचा, गावच्या आशाताईंचा. आशाताईंना आजार सांगायचा की नाही, हे मात्र रुग्णाला विचारूनच. फोन संध्याकाळी सातनंतर करा. जूनमध्ये पेरणी आणि दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी असते, तेव्हा कोणी येत नाही. म्हणून भेट ९० दिवस, मागे-पुढे १४ अशी ठेवा आणि ती तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी पाडा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. पावसाळ्यात तिकडच्यांचं फोनवरच भागवा. एसटीचं भाडं अभ्यासातून द्या, तिकीट जोडून.

पिवळा फॉस्फरस खाल्लेल्यांत वेगळीच अडचण. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस माणूस ठणठणीत दिसतो, घरचे सुट्टी घेतात, आणि तिसऱ्या दिवसापासून लिव्हर जायला लागतं. दिवस भरतीपासून मोजू नका, पोटात गेल्याच्या तासापासून मोजा. सुट्टी मागणाऱ्यांना तिसरा दिवस उलटून एन्झाइम आणि आयएनआर पुन्हा बघितल्याशिवाय सोडू नका. नागपूरला पाठवलेल्यांचं पुढे काय झालं, हे सातव्या आणि तिसाव्या दिवशी फोनने विचारा, नाहीतर तुमच्या आकड्यांत फक्त वाचलेले उरतात.

एक्सेल आणि कपाट

तारखा कॉम्प्युटर उलट्या करतो: ३ जुलै हा ७ मार्च होतो. दिवस, महिना, वर्ष तीन रकान्यांत भरा. माहिती भरायला नेट नसतानाही चालणारं कोबोटूलबॉक्स मोफत मिळतं. संस्थेकडे सर्व्हर असेल तर संशोधनाची माहिती साठवणारं रेडकॅप उत्तम. नाव आणि नंबराची यादी एका फाइलीत, आजाराची माहिती दुसऱ्या, दोन्हींना जोडणारा फक्त अभ्यास-क्रमांक. आधार क्रमांक कुठेच नको. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला की तो तुमच्या हातातून गेला, हे इंटर्नना पहिल्याच दिवशी सांगा.

दर दहाव्या रुग्णाचं पान मूळ रिपोर्टशी ताडून बघा. चुका सापडतात त्या बहुधा एकाच माणसाच्या किंवा एकाच रकान्यातल्या असतात. निवासी डॉक्टर परीक्षा देऊन गेला की त्याच्यासोबत पासवर्डही जातो. म्हणून तो दोघांकडे असावा, त्यातला एक कायम नोकरीचा. सही केलेली संमतीपत्रं लाकडी मांडणीवर ठेवली तर दोन पावसाळ्यांत वाळवी खाते. लोखंडी कपाट, जमिनीपासून वीतभर वर, आणि किल्ल्या दोन.